आधी पत्रा वाचवा, रंगाचं नंतर बघू

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा आधी देतो, म्हणजे बाकीच्या वाचकांनाही संदर्भ लागेल. गाडी सहा वर्षांची, चंदेरी मेटॅलिक रंगाची, कर्ज फिटलेलं. मागच्या दारावर हँडलखाली वीतभर लांब चरा पडलाय. नख फिरवलं की अडकतं आणि मध्ये एका जागी पत्रा चमकतो. गॅरेजवाला म्हणतो अख्खं दार रंगवावं लागेल. विमा आहे. घरी करायचं तर साहित्य मागवता येईल, सोबत पॉलिशिंग मशीनही घ्यावं असं तुमच्या मनात आहे. दीड-दोन वर्षांत गाडी विकायची आहे. अडीअडचणीसाठीचा निधी अजून अर्धाच जमलाय, त्यातून गॅरेजचे पैसे द्यावेत का, हे तुम्ही शेवटच्या ओळीत विचारलंय. खरं तर तोच मुख्य प्रश्न आहे.

निधीला हात लावू नका. पण चरा तसाच सोडूही नका. तुम्ही एका खर्चाचे तीन पर्याय मांडलेत. मला मात्र इथे दोन वेगळे खर्च दिसतात, आणि ते एकत्र धरल्यामुळेच आकडा अंगावर येतोय. पहिला खर्च उघडा पत्रा झाकण्याचा, दुसरा चरा दिसेनासा करण्याचा. पहिला थोडक्यात भागतो, पण लांबवता येत नाही. दुसरा महाग आहे, पण तो केव्हाही करता येतो आणि कदाचित कधी करावाच लागणार नाही.

रंगाचे थर समजून घेतले की हे पटेल. पत्र्यावर आधी गंजरोधक लेप, मग प्रायमर, मग रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. सगळे मिळून जाडी साधारण 100 ते 150 मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरचा सातवा ते दहावा हिस्सा. त्यातही क्लिअर कोट 40-50 मायक्रॉनचा आणि प्रत्यक्ष रंग जेमतेम 15-20 चा. नखाला न लागणारा ओरखडा बहुधा वरच्या पारदर्शक थरातच असतो, तो पॉलिशने जातो. तुमच्या चऱ्यात पत्रा दिसतोय, म्हणजे चारही थर फाटलेत. तिथे कितीही पॉलिश घासलं तरी चरा भरणार नाही, आजूबाजूचा चांगला क्लिअर कोट तेवढा झिजेल. खालच्या रंगाचं उन्हापासून रक्षण तोच थर करतो. तो पातळ झाला की पुढे पापुद्रे सुटतात, आणि मग दार रंगवण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

उघड्या पोलादी पत्र्याला ओलावा आणि हवा मिळाली की गंज धरतो. गंज मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे तो फुगतो आणि शेजारचा धडधाकट रंगही खालून उचलतो. पत्र्याला जस्ताचा थर असेल तर वेग कमी होतो, खारट हवा असेल तर वाढतो. उत्पादकाच्या गंजाच्या वॉरंटीवर भिस्त ठेवू नका. ती साधारणपणे आतून आरपार गंजलेल्या पत्र्यासाठी असते, बाहेरून पडलेल्या चऱ्यासाठी नसते. हाच चरा प्लास्टिकच्या बंपरवर असता तर मी सांगितलं असतं, विसरून जा, पुढच्या वर्षी बघू.

आता घरच्या कामाबद्दल. रंगाचा कोड दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर किंवा बॉनेटखाली सापडतो, टचअपची बाटली त्याच कोडची घ्या. तरीही सहा वर्षांच्या उन्हाने गाडीचा रंग थोडा बदललेला असतो, म्हणून आधी एखाद्या कार्डावर लावून, वाळवून, दाराशी धरून बघा. जागा धुऊन कोरडी करा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तेलकटपणा आणि जुनं मेण काढा. गंजाचा ठिपका दिसला तर तेवढाच बारीक वॉटर पेपरने घासा. प्रायमर फक्त उघड्या पत्र्यावर, बारीक ब्रशने किंवा टोकदार काडीने. मग रंगाचे पातळ थर, दोन थरांमध्ये वाळायला पुरेसा वेळ देत. रंग वाळताना खाली बसतो, म्हणून एकदाच जाड थर फासला तरी खळगा राहतोच. वरून क्लिअर कोट. तापलेल्या पत्र्यावर काम करू नका, 15 ते 25 अंशांची सावलीतली हवा बरी. वर आलेला उंचवटा 2000 नंबरच्या ओल्या वॉटर पेपरने सपाट करायचा असेल तर निदान दिवसभर, जमल्यास आठवडाभर थांबा. मेण महिनाभर लावू नका. यातला बराच वेळ नुसता वाट पाहण्यात जातो, आणि घरची कामं बिघडतात ती बहुतेक तिथेच.

हार्डनर मिसळायचा टू-के क्लिअर कोट मात्र घरी नको. तो टिकाऊ असतो हे खरं, पण त्यातल्या आयसोसायनेटमुळे दमा जडू शकतो आणि साध्या मास्कने ते अडत नाही. बाटलीतला साधा क्लिअर कोट तुमच्या कामाला पुरेल.

अपेक्षाही आताच ठरवून घ्या. मेटॅलिक रंगात धातूचे सूक्ष्म कण असतात. कारखान्यात फवारताना ते सारखे पसरतात, ब्रशने लावले की वेडेवाकडे बसतात. म्हणून चंदेरी रंगात टचअपची रेघ तिरक्या प्रकाशात दिसणारच. पांढऱ्या किंवा लाल साध्या रंगाचं नशीब याबाबतीत बरं असतं. दोन पावलांवरून चटकन लक्ष जात नाही आणि पत्रा बंद झालाय, एवढं जमलं तर काम फत्ते समजा.

हिशोबासाठी गॅरेजचा आकडा 100 धरू, तुमच्या खऱ्या आकड्याने नंतर गुणा. समजा घरचं साहित्य 12 ला पडलं. काम जमलं तर खर्च 12. फसलं तर तुमचं काम खरवडून काढायचे गॅरेजवाला 20 जास्त घेईल असं धरू, म्हणजे एकूण 132. या आकड्यांवर, यशाची शक्यता 27 टक्क्यांच्या वर असेल तर घरी करून बघणं फायद्याचं. वर सांगितलेल्या माफक अपेक्षेने पाहिलं तर सावकाश काम करणाऱ्या माणसाला एवढं जमायला हरकत नाही. आता त्यात पॉलिशिंग मशीन घाला आणि साहित्य 45 वर न्या. हीच रेषा थेट 54 टक्क्यांवर जाते. म्हणजे तुमचा बेत मोडतोय तो मशीनमुळे. वीतभर चऱ्याला हाताने कंपाऊंड (रंग घासून गुळगुळीत करायची पेस्ट) लावून भागतं, शिवाय नवख्या हातातलं मशीन दाराच्या कडेवरचा क्लिअर कोट बघता बघता उडवतं. माझ्याकडे येणाऱ्या प्रश्नांत हे फार दिसतं: पैसे वाचवायला म्हणून घरचं काम काढायचं आणि अवजारांवर गॅरेजएवढे घालवायचे.

विम्याचं गणितही असंच करून बघा. दाव्यातली काही रक्कम तुम्हालाच भरावी लागते. ती 30 असेल तर हातात 70 येतात. दावा केल्यामुळे नूतनीकरणात मिळणारी सूट गेली आणि हप्ता वर्षाला 25 ने वाढला, तर तीन वर्षांत 75 जातात. 70 घेऊन 75 दिले, वर कागदपत्रांची धावपळ. तुमच्या पॉलिसीतले हे दोन आकडे काढून त्यांच्या जागी घाला. पुढे सूट एक वर्षच बुडणार असेल तर उत्तर उलटंही येऊ शकतं. आणि दुसऱ्याच्या गाडीने चरा पाडला असेल आणि तो माणूस ठाऊक असेल, तर हा सगळा परिच्छेद सोडा, भरपाई त्याच्याकडून किंवा त्याच्या विमा कंपनीकडून मागा.

विक्रीची भीती मला तितकीशी पटत नाही. सहा-आठ वर्षांच्या गाडीवर एखादा चरा असणारच, हे घेणाराही धरून चालतो. उलट जाणकार गिऱ्हाईक रंगाची जाडी मोजायचं यंत्र लावतं. एकाच दाराचा आकडा बाकीच्यांच्या दुप्पट आला की पहिला प्रश्न अपघाताचा. पुन्हा रंगवलेलं दार भाव वाढवेलच असं नाही. गंजाचे फोड मात्र नक्की पाडतात.

गाडी भाडेकरारावर असती तर माझं उत्तर वेगळं असतं, कारण परत करताना कंपनी आपल्या निकषांनी मोजते आणि घरगुती रंगकामाचेही पैसे लावू शकते. तुमच्या चऱ्याखाली पत्रा चेपलेला असेल, किंवा कडेने रंग फुगलेला दिसत असेल, तरी गॅरेजच गाठा. तिथे टचअप म्हणजे गंजावर झाकण.

तेव्हा या आठवड्यात पत्रा बंद करा, खर्च महिन्याच्या नेहमीच्या पैशातून. गॅरेजच्या आकड्यासाठी हवं तर दरमहा थोडी रक्कम वेगळी टाका, निधीची भर मात्र थांबवू नका. हप्त्यावर दार रंगवून घेऊ नका. गाडी विकायच्या दोन महिने आधी चरा पुन्हा बघा. तेव्हाही खटकला तर गॅरेजवाल्याला विचारा, शेजारच्या पॅनलवर रंग मिसळत नेणार की दारापुरताच थांबणार. चंदेरी रंगात दारापुरतं थांबलं की ते दार वेगळं उठून दिसतं. मिसळत नेणार म्हणाला तर आकडा त्या कामासकट लेखी घ्या, आजच्या आकड्यात ते काम बहुधा धरलेलंच नाही.