घृणा, निर्घृण आणि जॉर्जियाचा कायदा

अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या कायद्याविषयीच्या एका मजकुरात इंग्रजी 'हेट क्राइम'साठी 'घृणा गुन्हा' हा शब्द आढळल्याने एका वाचकाने विचारले आहे की, मराठीत हा शब्द योग्य की 'द्वेषगुन्हा'. 'द्वेषगुन्हा' योग्य आहे आणि 'द्वेषमूलक गुन्हा' त्याहून नेमका आहे. 'घृणा गुन्हा' हे हिंदीतल्या 'घृणा अपराधा'चे निम्मे भाषांतर असून ते ऐकून ऐकून कान किटले आहेत.

आज मराठीत घृणा म्हणजे किळस, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु तेवढाच अर्थ देऊन थांबणारे कोशकार 'निर्घृण खून' या शब्दप्रयोगाचे काय करतात, हे एकदा त्यांनी सांगावे. घृणा म्हणजे केवळ तिरस्कार असेल, तर निर्घृण खून हा तिरस्कारविरहित, जणू प्रेमाने केलेला खून ठरेल! प्रत्यक्षात येथे घृणा म्हणजे दया. रघुवंशाच्या अकराव्या सर्गात, आईचा शिरच्छेद करणाऱ्या परशुरामाविषयी कालिदास म्हणतो, 'प्रागजीयत घृणा ततो मही'. म्हणजे त्याने आधी दयेला जिंकले आणि मग पृथ्वीला. त्याहीपूर्वी, ऋग्वेदात 'घृण' म्हणजे उष्णता, उन्हाची धग. 'घर्म' त्याच कुळातला, आपला 'घाम' त्या घर्मापासून आलेला आणि फारसीतून आलेला 'गरम' त्यांचा दूरचा भाऊबंद. धगीपासून कळवळा आणि कळवळ्यापासून किळस हा प्रवास अनेकांना विसंगत वाटतो. मला तो वाटत नाही. चिघळलेली जखम पाहताना पोटात जे कालवते, त्यात दया आणि शिसारी वेगळी काढता येत नाही, आणि या शब्दाने नेमका तोच क्षण पकडला असावा, असे माझे मत आहे.

मूळ प्रश्न कायद्याचा होता. जॉर्जियाने 2000 साली 'पूर्वग्रहा'पोटी केलेल्या गुन्ह्यांना वाढीव शिक्षा देणारा कायदा केला. 2004 साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो संदिग्धतेमुळे रद्द ठरवला. प्रतिस्पर्धी संघाची टोपी घातलेल्या माणसाला धमकावणारा क्रीडावेडा किंवा फेरारी चोरणारा मोटारवेडाही त्या शब्दांत बसेल, असे न्यायालयाने दाखवून दिले. शब्द सैल ठेवल्यावर काय होते, हे आपल्या अनुवादकांनी येथे पाहावे. फेब्रुवारी 2020 मध्ये अहमद आर्बरी या कृष्णवर्णीय तरुणाची हत्या झाली आणि त्यानंतर जूनमध्ये गव्हर्नर ब्रायन केम्प यांनी नव्या कायद्यावर सही केली. त्यात वंश, वर्ण, धर्म, राष्ट्रीय मूळ, लिंग, लैंगिक कल, लिंगभाव आणि मानसिक वा शारीरिक अपंगत्व यांची यादीच दिली असून, यांपैकी एखाद्या खऱ्या किंवा गृहीत धरलेल्या ओळखीमुळे बळी हेतुपुरस्सर निवडला हे सिद्ध व्हावे लागते. गंभीर गुन्ह्याला किमान 2 वर्षे, ठरावीक किरकोळ गुन्ह्यांना 6 ते 12 महिने कैद, शिवाय 5,000 डॉलरपर्यंत दंड, अशी ही वाढ आहे.

म्हणजे कायदा क्रौर्य मोजत नाही, निवडीचे कारण पाहतो. वारशाच्या वादातून भावाने भावाचा कितीही निर्घृण खून केला तरी तो द्वेषमूलक गुन्हा नव्हे. धर्मावरून एखाद्याला मारलेली चापट मात्र त्यात बसू शकते.