‘पूर्वलक्षी’ की ‘प्रतीप’?

दादरच्या एका वाचकांनी विचारले आहे की, पुंजभौतिकीच्या (क्वांटम फिजिक्सच्या) संदर्भात जिला ‘रेट्रोकॉजॅलिटी’ म्हणतात, म्हणजे नंतरची घटना आधीच्या घटनेचे कारण होणे, तिला मराठीत ‘पूर्वलक्षी कार्यकारणभाव’ म्हणावे, की ‘प्रतिगामी’ अथवा ‘पश्चगामी’ हे शब्द अधिक योग्य ठरतील.

‘प्रतिगामी’ हा शब्द ‘पुरोगामी’च्या विरोधात इतका रुळला आहे की, तो येथे वापरू नये. ‘पश्चगामी’ची अडचण अधिक खोल आहे. ‘मागे एकदा भेटलो होतो’ यातील ‘मागे’ भूतकाळ दाखवते, पण ‘मागाहून येतो’ म्हणजे नंतर येतो. तसेच ‘मृत्युपश्चात’ म्हणजे मृत्यूनंतर. ज्या शब्दाचे सारे काम काळाची दिशा सांगण्याचे आहे, त्यात अशी संदिग्धता परवडत नाही.

‘पूर्वलक्षी’ हा शब्द मुंबईकरांना मंत्रालयातून निघणाऱ्या आदेशांमुळे चांगलाच परिचित आहे. आदेश आज निघतो आणि वेतनवाढ मागील जानेवारीपासून लागू होते. मात्र जानेवारीत हातात पडलेला पगार त्यामुळे बदलत नाही, त्या महिन्यांचा हिशेब आज नव्याने मांडला जातो आणि फरकाची थकबाकी आजच मिळते. प्रश्नाच्या मुळाशी असलेल्या प्रयोगांपैकी सर्वाधिक चर्चा झालेल्या प्रयोगात असेच काहीसे घडते, असे मला वाटते. भौतिकशास्त्रज्ञ जॉन व्हीलर यांनी 1978 मध्ये ‘विलंबित निवडी’चा, म्हणजे काय मोजायचे हे प्रकाशकण वाटेला लागल्यावर ठरवण्याचा, विचारप्रयोग मांडला, त्या धर्तीवरचा, परस्परांत गुंतलेल्या फोटॉनांच्या (प्रकाशकणांच्या) जोड्या वापरणारा प्रयोग किम, शी, स्कली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात जोडीतील एका फोटॉनाची नोंद आधी होते आणि काही नॅनोसेकंदांनी त्याच्या साथीदाराची, आणि साथीदार कोणत्या शोधकात (डिटेक्टरमध्ये) सापडला यावरून पहिल्याच्या मार्गाची माहिती उरते किंवा पुसली जाते. पहिल्या फोटॉनांच्या सर्व नोंदी एकत्र पाहिल्या तर व्यतिकरणाचे पट्टे, म्हणजे लहरी एकमेकींत मिसळल्याची खूण, कधीच दिसत नाहीत. साथीदारांच्या नोंदींनुसार वर्गवारी केल्यावरच, मार्गाची माहिती पुसली गेलेल्या गटांत ते उमटतात. आधीची एकही नोंद बदलत नाही आणि भूतकाळाला निरोपही धाडता येत नाही. म्हणून येथे ‘पूर्वलक्षी वर्गवारी’ म्हणावे. ‘कार्यकारणभाव’ हा शब्द जोडला, तर प्रयोगाने न सिद्ध केलेले काही त्याच्या माथी मारले जाते.

तथापि, काही अभ्यासक खरोखरच उलट दिशेचा प्रभाव मानतात. भौतिकशास्त्रज्ञ जॉन क्रेमर यांनी 1986 मध्ये मांडलेल्या पुंजभौतिकीच्या अर्थनिर्णयात, प्रकाश शोषून घेणाऱ्या शोषकाकडून त्याच्या उगमाकडे, काळाच्या उलट दिशेने जाणारी लहर गृहीत धरली आहे. अशा मतासाठी मी ‘प्रतीप कार्यकारणभाव’ सुचवेन. ‘प्रति’ आणि ‘अप्’ म्हणजे पाणी यांपासून हा शब्द झाला आहे, त्यामुळे त्याचा मूळ अर्थच प्रवाहाविरुद्ध असा आहे, आणि काळाला आपण प्रवाह म्हणतोच. शिवाय प्रतीप अलंकारात उपमान आणि उपमेय यांच्या जागांची अदलाबदल होते, हे मराठीच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते.

यावर आक्षेप येईल की, ‘तर्कसंग्रह’ या न्यायशास्त्राच्या संस्कृत ग्रंथात कारणाचे लक्षणच ‘कार्यनियतपूर्ववृत्ति’ असे दिले आहे, म्हणजे कार्याच्या आधी नियमाने असते तेच कारण, आणि म्हणून हा शब्दप्रयोग वदतोव्याघात, म्हणजे स्वतःलाच खोडणारा, ठरतो. मला तो विरोध शब्दात दिसत राहावा असेच वाटते, कारण क्रेमर यांच्यासारख्यांशी असलेला वाद नेमका त्या ‘पूर्व’ या पदावरच आहे.