धुवून घेणं जास्त अवघड असतं

प्रिय बाळा,

तुझा मेसेज काल रात्रीच वाचला, लगेच उत्तर टाकणार होते पण म्हटलं घाईत काही बोलून जाईन, सकाळी रोझरीची प्रार्थना झाली की निवांत लिहू. चर्चच्या कॉयरच्या, म्हणजे गायकवृंदाच्या, मास्टरनी सगळ्यांसमोर तुला थांबवलं, सूर चुकतोय म्हणाले, आणि ईस्टरला एकट्यानं गायचं ते सोलो दुसऱ्याला दिलं. आणि तू ठरवलंस की आता कॉयरच नको. "मी त्या लायकच नाही मावशी, मागे बसून गुपचूप प्रार्थना करीन, नम्रपणा तोच." हे शेवटचं वाक्य मी तीन-चार वेळा वाचलं. तुझं दुखलंय हे कळतंय मला, चारचौघांत बोलणी खाणं कुणालाच सोसत नाही. पण याला नम्रता म्हणू नकोस रे, हा रुसवा आहे.

रागावू नकोस, येशूचा शिष्य पेत्र, त्याचंही असंच झालं होतं. ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारचं बायबलवाचन, योहानाचा १३वा अध्याय, आपण दरवर्षी ऐकतो म्हणून ते कानावरून निघून जातं. तेव्हाचे रस्ते धुळीचे, पायात साध्या वहाणा, घरी आलेल्याचे पाय धुणं हे नोकराचं काम. आणि जेवता जेवता येशू उठतो, वरचं वस्त्र काढून ठेवतो, कमरेला टॉवेल बांधतो आणि एकेकाचे पाय धुवायला लागतो, त्याला धरून देणाऱ्या यहुदाचेसुद्धा, कारण तो अजून तिथेच बसलेला असतो. पेत्र म्हणतो, माझे पाय तू कधीच धुवायचे नाहीत. ऐकायला किती नम्र वाटतं ना? पण येशू सरळ सांगतो, मी तुला धुतलं नाही तर तुझा माझ्याबरोबर वाटाच नाही. मला वाटतं त्या रात्री पेत्राला येशूचे पाय धुवायला सांगितलं असतं तर त्यानं आनंदानं धुतले असते, स्वतःचे पुढे करणंच त्याला जड गेलं.

मीसुद्धा कितीतरी वर्षं नम्रता म्हणजे सेवा एवढंच धरून चालले होते. चर्च झाडणं, अल्तारावर, म्हणजे वेदीवर, फुलं लावणं, आजाऱ्यांना डबा नेणं. ते करावंच, पण खरं सांगते, ते त्यामानानं सोपं असतं, देणाऱ्याचा हात वर असतो ना.

मला हे उमगलं ते पवित्र गुरुवारीच. त्या दिवशी येशूची आठवण म्हणून फादर चर्चमध्ये काहीजणांचे पाय धुतात. आधी पाय धुवून घ्यायला पुरुषच बसायचे, २०१६च्या जानेवारीत पोप फ्रान्सिसनी तो नियम बदलला आणि बायकांनाही बसता यायला लागलं. त्यानंतर एका वर्षी फादरांनी माझं नाव घेतलं. मी काय केलं सांगू, दुपारी घरी दोनदा साबणानं पाय धुतले, टाचा दगडानं घासल्या, भेगांत व्हॅसलीन भरलं. वाडीत जन्म गेला, माझ्या टाचा कशा आहेत ते तुला माहितीये. संध्याकाळी चर्चमध्ये खुर्चीवर बसले, फादर गुडघ्यांवर आले, कोमट पाणी पायावर पडलं आणि माझ्या डोक्यात प्रार्थना नव्हती, काहीच नव्हतं, फक्त भेगा दिसताहेत का एवढंच. फादरांनी टॉवेलनं टाच पुसली, अगदी भेगांवरून, सावकाश, दुखू नये म्हणून हात हलका ठेवून. मला रडू आवरेना. प्रभूकडे जाताना मी आधीच धुतलेले पाय घेऊन गेले होते. कन्फेशनलासुद्धा मी तशीच जायचे, पाप सांगायचं आणि त्याच दमात ते का झालं त्याचं कारणही सांगायचं, म्हणजे फादरांना मी फार वाईट वाटू नये.

अशा वेळी मला 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक आठवतात. नवऱ्यानं १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतला, ख्रिस्ती झाले, तेव्हा त्या त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत, काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग संसार परत एकत्र झाला तरी सोवळं सुटलं नव्हतं, कुणाच्याही हातचं पाणी चालायचं नाही. ते हळूहळू सुटत गेलं आणि १९००मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. मला त्या बाप्तिस्म्याइतकंच त्याआधीचं ते पाणी मोठं वाटतं. ज्यांना आपण खालचं मानत आलो त्यांच्या हातचा पेला घ्यायचा आणि ओठाला लावायचा, याला केवढं मन लागलं असेल.

एक मात्र नीट समजून घे. नम्र हो, नम्र हो हे आपल्याकडे बहुतेक वेळा ज्याला आधीच खाली बसवलंय त्यालाच सांगितलं जातं, सुनेला, गड्याला, जातीवरून ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या हिणवलं त्यांना. ते मला अजिबात मान्य नाही. येशूला पकडून महायाजकासमोर, म्हणजे मुख्य धर्मगुरूसमोर, नेलं आणि शिपायानं थोबाडीत मारली तेव्हा येशूनं मान खाली घातली नाही, विचारलं, मी चुकीचं बोललो असेन तर दाखव, नाहीतर मला का मारतोस? तेव्हा उद्या कुणी तुझा अपमान करायचा म्हणूनच केला तर तूही विचार, मी तुझ्या बाजूनं उभी राहीन. पण इथे तुझा सूर खरंच चुकला होता ना? तू स्वतःच लिहिलंयस.

मग आता करायचं काय, तर फार मोठं काही नाही. फ्रान्समधल्या लिझ्यूची संत तेरेजा, मठातली सिस्टर, ती २४व्या वर्षी टीबीनं गेली, मठाबाहेर तिला फारसं कुणी ओळखतही नव्हतं. मठात कपडे धुताना समोरची सिस्टर रुमाल आपटायची आणि ते मळकं पाणी हिच्या तोंडावर उडायचं. मागे सरकून तोंड पुसावं, म्हणजे तिला कळेल, हाच पहिला विचार हिच्याही मनात आला. पण ती सरकली नाही, चेहऱ्यावरही काही दिसू दिलं नाही, ते शिंतोडे म्हणजे आपल्याला मिळालेली भेटच असं धरून घेत राहिली. बस एवढंच. तू या आठवड्यात एकच कर, आई काही चूक दाखवेल, ऑफिसात सर काही बोलतील, तेव्हा "हो, चुकलं" म्हण आणि थांब. पुढे जिभेवर "पण" येईल, तो गिळ. मला अजून रोज जमत नाही, परवाच सुनेशी बोलताना दोनदा निसटला, रात्री प्रार्थनेत तो सांगितला आणि सकाळी तिलाही सांगितला.

आणि शनिवारी प्रॅक्टिसला जा. मास्टरांना एवढंच विचार, ती ओळ मला परत शिकवाल का. ते शिकवतील, मी त्यांना ओळखते, स्वभावानं तापट आहेत पण शिकवायला कंटाळत नाहीत. सोलो नसलं तरी मागच्या सुरांना माणसं कमीच आहेत. मी साडेसातला चर्चच्या बाजूच्या दारात थांबेन, आधी माझ्याकडे ये, मग आत जाऊ.

तुझी,
मावशी