मुंबईत निर्वासित शेजाऱ्याच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पैसे कसे जमवावेत?

तुमच्या शेजारच्या अफगाण आजोबांना दिसेनासं झालंय आणि वर्गणी काढावी का, असं तुम्ही विचारलंय. काढा, पण लगेच नको.

आमच्या कुर्ल्याच्या चाळीत असेच एक चाचा आहेत. चहा ओतताना कपात बोट धरायचे. चटका बसला की कप भरला. ते बघून आम्ही घाईघाईने खाजगी दवाखाना गाठला. एका डोळ्याचे ३८ हजार सांगितले. डबा फिरवला, तो नऊ हजारांवर अडकला.

खरं तर केईएम, सायन, नायर, जेजे अशा पालिकेच्या आणि सरकारी रुग्णालयांत हे ऑपरेशन फार कमी खर्चात होतं. घोडं अडतं ते कागदांवर. भारताने १९५१च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. चाचांकडे ना आधार, ना रेशनकार्ड. फक्त संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचं कार्ड. एका रुग्णालयात क्लार्कने ते उलटसुलट पाहिलं आणि ‘आधार घेऊन या’ म्हणून परत सरकवलं. दुसरीकडे आम्ही खिडकीशी वाद न घालता थेट समाजसेवा विभागातल्या मॅडमना गाठलं. त्यांनी कार्डाची झेरॉक्स लावून स्वतःच टिपण लिहिलं, केसपेपर पुढे सरकला.

धर्मादाय रुग्णालयांतही विचारा. उच्च न्यायालयाच्या २००६च्या योजनेनुसार त्यांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला मागतील, म्हणून तिथेही आधी सोशल वर्करलाच भेटा.

मग वर्गणी कशाला? लेन्स, रक्ताच्या तपासण्या, थेंब, रिक्षा. आमचे नऊ हजार पुरून उरले. पैसे रुग्णालयाच्या काउंटरवर भरा, पावतीचा फोटो ग्रुपवर टाका. कुजबुज होत नाही. परदेशातून देणगी येणार असेल तर एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी नसलेल्या ट्रस्टच्या खात्यात घेऊ नका, ते बेकायदा आहे.

आणि शुगर आधीच तपासून घ्या. चाचांची वाढलेली निघाली, तारीख तीन आठवडे पुढे गेली. नंतर महिनाभर थेंब घालायला माणूस लागतो. आमच्या मजल्यावरच्या पोरांनी पाळ्या लावल्या होत्या.

पट्टी निघाल्यावर चाचा माझ्याकडे टक लावून बघत राहिले. म्हणाले, ‘आवाज से तो तुम जवान लगते थे.’ दुसऱ्या डोळ्याची तारीख पुढच्या महिन्यात आहे.