दुकान तयार आहे, पण शटर वर जात नाही

मी समुपदेशक आहे. विशी-पंचविशीतली मुलं-मुली माझ्याकडे एक प्रश्न जवळजवळ त्याच शब्दांत घेऊन येतात. जागा घेतली, सामान लागलं, आता उघडायचं तेवढं राहिलं. पण होत नाही. 'धंदा माझ्या रक्तातच नाही का? सरळ नोकरी धरावी का?' घरचे याला आळस म्हणतात, नाहीतर अंगात धमक नाही म्हणतात. मला अशांमध्ये आळशी फारसं कोणी भेटलेलं नाही. ही माणसं दिवसभर दुकानाचंच काहीतरी करत असतात. फक्त एकच काम टाळतात, आणि ते कोणतं हे त्यांना स्वतःला कळलेलं नसतं.

एका मुलीची गोष्ट सांगते. तिची परवानगी आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वह्या, पेन, रंग, चित्रकलेचं सामान यांचं दुकान ती काढत होती. निम्मं भांडवल तिच्या बचतीचं, निम्मं मोठ्या भावाने दिलेलं. गाळ्याचं भाडं सुरू झालं होतं, रॅक लागले होते. उद्घाटन आधी रंगकामामुळे पुढे गेलं, मग बिलिंगच्या सॉफ्टवेअरमुळे, मग पाटीचा निळा रंग मनासारखा आला नाही म्हणून. प्रत्येक कारण खरं होतं, त्यामुळे कोणाला काही बोलताही येत नव्हतं. पहाटे चारला जाग यायची, पोटात गोळा यायचा.

"मॅडम, दहातली नऊ दुकानं पहिल्याच वर्षी बंद पडतात," ती म्हणाली. हा आकडा माझ्याकडे येणारे बरेच जण सांगतात आणि कुठून आला ते कोणालाच आठवत नाही. अमेरिकेच्या श्रम सांख्यिकी विभागाकडे अशा नोंदी अनेक वर्षांच्या आहेत. तिथे नव्या व्यवसायांपैकी साधारण पाचातला एक पहिल्या वर्षात बंद होतो आणि पाच वर्षं होईपर्यंत साधारण निम्मे. धोका मोठा आहेच, पण दहात नऊ नाही. शिवाय बंद झालेला प्रत्येक जण कर्जात बुडून बंद होतो असंही नाही. हे ऐकून तिचा चेहरा उजळला वगैरे काही झालं नाही. आकडेवारीने भीती जात असती तर आमच्या धंद्याला गिऱ्हाईक उरलं नसतं.

मी विचारलं, "नेमकं काय होईल असं वाटतं?"

"सगळं बुडेल."

"सगळं म्हणजे किती?"

ती गप्प झाली. मुलगी हिशोबाला कच्ची नव्हती. कोणत्या कंपनीचं पेन किती छटांत येतं, घाऊक व्यापारी किती नगांवर किती सूट देतो, हे तिला तोंडपाठ होतं. फोनमध्ये खर्चाची यादीही होती, फक्त तिची बेरीज कधी केलेली नव्हती. महिन्याला किती विक्री झाली की खर्च निघेल, हा आकडा काढायला ती बसायची आणि तेवढ्यात पाटीच्या रंगाचं काहीतरी आठवायचं.

चिंता करणं आणि विचार करणं बाहेरून सारखंच दिसतं. चिंतेत माणूस त्याच वाक्याभोवती फिरत राहतो आणि जिथे उत्तर सापडू शकेल त्या जागेपाशी आला की वळतो. तिच्यासाठी ती जागा म्हणजे ती बेरीज. मी ती तिला माझ्यासमोर करायला लावली नाही. तो माझा प्रांत नाही, आणि समुपदेशकाने दुकानाचे हिशोब करून देऊ नयेत असं माझं ठाम मत आहे. हिशोब चुकला तर पंचाईत असतेच, बरोबर आला तरी तो तिचा राहत नाही. ओळखीतल्या एका जुन्या हिशोबनीसाकडे कागद घेऊन जायचं, एवढंच तिच्याकडून कबूल करून घेतलं.

तिथे जे निघालं ते वाईटच निघालं. खरेदीच्या किमतीवर ३० टक्के चढवले की विक्रीतले ३० टक्के आपले, असं ती धरून चालली होती. नव्या दुकानदाराकडून ही चूक सहज होते. १०० ला घेतलेली वस्तू १३० ला विकली तर ३० सुटतात, पण ते १३० मधले ३०, म्हणजे विक्रीच्या २३ टक्के. महिन्याचा ठरलेला खर्च, म्हणजे भाडं, वीज, भावाचा हप्ता, तिचा स्वतःचा खर्च, सगळा मिळून सोयीसाठी ६० भाग धरला, तर तिच्या समजुतीप्रमाणे २०० च्या विक्रीत तो निघत होता. खरा आकडा २६० होता.

पुढच्या भेटीची मला जरा काळजी होती. ती आली आणि म्हणाली, "कितीतरी दिवसांनी झोप लागली."

हे ऐकायला विचित्र वाटतं, पण आमच्या क्षेत्रात ते ओळखीचं आहे. २०१६ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पडद्यावर दगड दिसायचे आणि खाली साप आहे का ते ओळखायचं. साप निघाला की हाताला दुखेल असा विजेचा झटका. भाग घेणाऱ्यांचा घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोजून ताण किती ते पाहिलं. झटका बसणारच हे ठाऊक होतं तेव्हाच्या मानाने, शक्यता निम्मी-निम्मी होती तेव्हा ताण जास्त होता, आणि तोच सर्वांत जास्त होता. तिच्या मनातल्या 'सगळं बुडेल' ला आकार नव्हता. २६० ला होता. २६० शी भांडता येत होतं.

सगळ्यांचं असं होत नाही, हेही सांगायला हवं. काही जणांचा आकडा असा निघतो की दुकान त्या जागेत चालणं शक्यच नसतं, आणि त्यांना रडू येतं. तो आजार नव्हे, ती माहिती आहे. भाडेकरार होण्याआधी मिळाली तर नशीबच.

ती मात्र भांडायला बसली. महागड्या कागदांचे आणि दुर्मीळ रंगछटांचे गठ्ठे तिने मागवायचे ठरवले होते, कारण त्यांवर सुटतात जास्त. पण १०० गुंतवलेला माल वर्षात एकदाच विकला जाऊन ४० देतो, आणि साध्या वह्यांत गुंतवलेले तेच १०० प्रत्येक खेपेला १५ देऊन वर्षात सहा वेळा फिरले तर ९० होतात. रॅकवर छान दिसणारा माल म्हणजे अडकलेले पैसे, हे तिला तेव्हा दिसलं. तिने यादी जवळपास निम्मी केली आणि दोन पुरवठादारांकडून न विकलेला माल परत घ्यायचं कबूल करून घेतलं. मी यातलं काहीही सुचवलेलं नव्हतं. बेरजेची भीती गेल्यावर तिची हुशारी मोकळी झाली, इतकंच.

उरलेला गोळा वेगळा होता आणि त्याला हिशोबाचा उपयोग नव्हता. दादाचे पैसे. पैसे देताना त्याने एक शब्दही काढला नव्हता, आणि तेच तिला जड जात होतं. मी सुचवलं की किती पैसे जाईपर्यंत आणि कुठल्या तारखेपर्यंत दुकान चालवायचं, बंद करावं लागलं तर उरलेल्या मालाचं काय करायचं आणि आधी कोणाचे फेडायचे, हे दोघांनी कागदावर लिहावं.

दादा माझ्याकडे आला तो चिडूनच. "अजून उघडलं नाही आणि बंद कधी करायचं ते ठरवताय? असं अभद्र बोलायला पैसे घेता का तुम्ही?" त्याचा राग मला पटण्यासारखा होता. पण ही मर्यादा आधीच ठरवायची असते, कारण नंतर ती ठरवणारं डोकं जागेवर नसतं. गेलेले पैसे माणसाला ओढत राहतात. आर्केस आणि ब्लूमर या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात नाट्यगृहाची हंगामभराची तिकिटं काहींना पूर्ण किमतीत आणि काहींना सवलतीत दिली होती. नाटकं तीच, पण पूर्ण पैसे मोजलेली माणसं हंगामाच्या पहिल्या अर्ध्या भागात जास्त वेळा गेली. तिकिटाच्या पैशांचं हे, तर घरच्या पैशांचं काय होत असेल?

दादा थोडा वेळ काही बोलला नाही. मग त्याने तारीख पाहिली आणि म्हणाला, "ही चुकीची आहे. शाळा सुरू व्हायच्या आधीच निकाल लावणार का? हंगाम तरी मिळू दे तिला." तारीख पुढे सरकली. मला वाटतं, त्या दिवशी तो पैसे देणारा न राहता भागीदार झाला.

दुकान गाजावाजा न करता उघडलं. आधी काही दिवस नुसतंच चालवून पाहायचं, समारंभ नंतर. बिल कुठे अडतं, काय सापडत नाही, हे निवांतपणे कळावं म्हणून.

त्यानंतरचा त्रास मला अपेक्षित होता, तिला नव्हता. दुपारची रिकामी वेळ. काउंटरवर बसून दाराकडे बघायचं, कोणी आत येऊन काही न घेता गेलं की ते मनाला लावून घ्यायचं. नोकरीत दिवस वाईट गेला तरी महिन्याचा पगार ठरलेला असतो. दुकानात दर तासाला कोणीतरी आपल्याला नापास करतंय असं वाटू शकतं. ती दर अर्ध्या तासाने गल्ला मोजत होती.

गल्ला रात्री एकदाच मोजायचा, आणि तुलना दिवसाशी नव्हे तर आठवड्याची आठवड्याशी करायची, असं ठरलं. शिवाय काउंटरवर एक वही: कोण आलं, काय मागितलं, काय नव्हतं. 'त्यांना दुकान आवडलं नाही' असं त्यात लिहायचं नाही, कारण ते तिला ठाऊक नव्हतं, ती ते ठरवत होती. माझ्या दृष्टीने ही वही विचार तपासण्याचं साधन. तिच्यासाठी ती खरेदीची यादी झाली. प्रकल्पाचे जाड कागद लोक पुन्हा पुन्हा मागत होते आणि तिच्याकडे नव्हते, हे त्यातूनच कळलं.

कोणी विचारेल, अशी चिंता डॉक्टरांकडे कधी न्यायची? दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप-भूक उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटायचं, आणि शेवटचं असेल तर त्याच दिवशी. मग दुकानाचं नंतर बघता येतं.

कागदावरची तारीख आली तेव्हा विक्री २६० च्या थोडी खालीच होती. दोघांनी तीन महिने वाढवले. मला ते खटकलं. मर्यादा सरकवण्याची हीच तर भीती होती. मी तसं तिला विचारलं. तिने वही पुढे केली: हंगाम ओसरल्यावरही विक्री दर महिन्याला चढती, नवं कर्ज नाही, पडून राहिलेला माल घटलेला. आणि नवी तारीख, नवा आकडा, दोघांच्या सह्यांसकट. मला वाद घालायला जागा नव्हती. हल्ली ती क्वचित येते. मागच्या वेळी तिचा प्रश्न होता, दुपारपुरता मदतीला एक मुलगा ठेवावा का, आणि त्याच्या पगाराने तो आकडा कितीवर जाईल ते तिने आधीच काढून आणलं होतं.