बढती नाकारणं म्हणजे चंगळ का?

प्रश्न : ताई, मी ४३ वर्षांची, नाशिकला बँकेत नोकरी करते. घराचं कर्ज फिटलंय, मुलगी अकरावीत आहे. आता बढती चालून आलीय, पण बदली परराज्यात होणार. मला जायचं नाही. संध्याकाळी वेळेवर घरी यावं, मैत्रिणींबरोबर फिरायला जावं, एवढंच हवंय. मुलीच्या पुस्तकात एपिक्युरस या प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञाबद्दल वाचलं आणि ते पटलं. भाऊ म्हणतो, ‘खा, प्या, मजा करा सांगणारा तो. तुझी ही चंगळच आहे.’ सुख हवंसं वाटणं वाईट आहे का?

उत्तर : नाही, वाईट नाही. आणि भाऊ म्हणतात तसा एपिक्युरस नव्हताच. आपल्याकडे ‘ऋण काढून तूप प्या’ हे वचन चार्वाकाच्या माथी मारून लोक मोकळे झाले, तसंच याचंही झालं. टिमोक्रेटस नावाचा शिष्य त्याला सोडून गेला आणि हा इतका खातो की दिवसातून दोनदा ओकतो, असं सांगत सुटला. प्रत्यक्षात इ.स.पू. ३०६च्या सुमारास अथेन्सला आलेला हा माणूस आपल्या बागेत मित्रांसोबत अगदी साधेपणाने राहायचा. तिथे बायकांना आणि गुलामांनाही जागा होती. एका पत्रात तो मित्राला लिहितो, चीजचं एक लहानसं मडकं पाठव, म्हणजे मनात येईल तेव्हा मेजवानी करता येईल. त्याची चैन ती एवढीच! अंगाला दुखणं नाही आणि मनाला घोर नाही, याला तो सुख म्हणायचा.

इच्छांचे त्याने तीन प्रकार केले. अन्न, निवारा यांच्याशिवाय भागत नाही. पंचपक्वान्नं मिळाली तर छान, नाही मिळाली तरी बिघडत नाही. तिसऱ्या प्रकारात मोठेपणा, सत्ता, लोकांनी वाहवा करणं. या तिसऱ्यांना पोटच नसतं, कितीही घाला, भरत नाहीत. तुमच्या बढतीत या तिन्हींतलं काय किती आहे, ते बघा. पगारवाढीने मुलीच्या शिक्षणाची खरी अडचण सुटणार असेल तर ती रक्कम पहिल्या प्रकारात धरा, अगदी निःसंकोच. ‘लोक काय म्हणतील’ तिसऱ्यात.

प्रत्येक इच्छेला त्याने एक प्रश्न विचारायला सांगितलाय : ही पूर्ण झाली तर माझं काय होईल, आणि नाही झाली तर काय? कागद घ्या आणि लिहूनच काढा. बढती घेतली तर भाड्याचं घर, परकी भाषा, मुलीची बारावी तुमच्याविना किंवा नव्या गावात. नाही घेतली तर पगार किती कमी, निवृत्तिवेतनात फरक किती? आकडे मांडा, अंदाजावर सोडू नका.

एक मात्र स्वतःला खरं खरं विचारा. नको वाटतंय ते समाधानामुळे, की नव्या जबाबदारीच्या धास्तीने? धास्ती असेल तर ती नाशिकलाही तुमच्या सोबतच राहील. एपिक्युरसची सगळी खटपट भीती घालवण्यासाठी होती, देवाची, मरणाची, उद्याची. भीतीला शांती म्हणून गोंजारणं त्याला चाललं नसतं.

आणि मैत्रिणींसोबतच्या त्या फिरण्याला कमी लेखू नका. मैत्रीइतकं मोठं सुखाचं साधन नाही, असं तो मानायचा. मरताना, इ.स.पू. २७० मध्ये, मूतखड्याने जीव जात असताना त्याने एका मित्राला शेवटचं पत्र लिहिलं. वेदना असह्य आहेत, पण आपण केलेल्या गप्पा आठवून मन आनंदात आहे, असं त्यात आहे. आणि लगेच, वारलेल्या मित्राच्या मुलांकडे लक्ष दे, ही विनंती. हा माणूस चंगळखोर होता का, हे भावाला विचारा.

माझं मत विचाराल तर, आकडे फार आड येत नसतील तर जाऊ नका. पण नकार कळवण्याआधी बँकेत विचारून घ्या, पुढची संधी किती वर्षांनी मिळते. आणि मुलीशी बोला. तिचंही म्हणणं असेल.