आरमध्ये एलएम चालतं, पण आरएलएम 'एक्स सिंग्युलर आहे' म्हणून का थांबतं?

आर या स्टॅटिस्टिक्सच्या भाषेत एलएम म्हणजे डेटावर साधी रेषा बसवणारं फंक्शन, आणि आरएलएम म्हणजे आउटलायरला (बाकीच्यांपासून फार लांब पडलेल्या पॉइंटला) कमी वेट, म्हणजे वजन, देऊन रेषा बसवणारं. म्हणूनच तुम्ही आउटलायर शोधत बसलाय पण या एररचा आउटलायरशी काही संबंध नाहीये. सिंग्युलर म्हणजे तुमचा एखादा कॉलम बाकीच्या कॉलमवरून तंतोतंत काढता येतोय, म्हणजे लेखी मार्क, तोंडी मार्क आणि एकूण मार्क तिन्ही मॉडेलमध्ये टाकलेत असं काहीतरी. एलएम अशा वेळी गपचूप एका कॉलमला एनए (म्हणजे 'आकडा नाही') देऊन पुढे जातं, मास पॅकेजमधल्या आरएलएमला ती सोयच नाही म्हणून ते थांबतं. त्यामुळे आधी एलएमचे कोएफिशियंट (प्रत्येक कॉलमसाठी काढलेले आकडे) बघा, जिथे एनए दिसेल तो कॉलम काढा आणि मग परत चालवा. एनए कुठेच नसेल तर फिल्टर मारल्यावर फॅक्टरच्या (गटांची नावं असलेल्या कॉलमच्या) रिकाम्या लेव्हल मागे राहिल्यात का बघा, ड्रॉपलेव्हल्स केलं की त्या जातात.

नंतर '20 स्टेपमध्ये कन्व्हर्ज झालं नाही' (म्हणजे उत्तर अजून स्थिरावलं नाही) अशी वॉर्निंग आली तर घाबरू नका, मॅक्सइट म्हणजे जास्तीत जास्त स्टेप, डिफॉल्ट 20 असतं ते 100 करा.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो, आरएलएमची वेट द्यायची डिफॉल्ट पद्धत, ह्यूबर, फक्त वायमधले (ज्याचा अंदाज काढायचाय त्या कॉलममधले) आउटलायर सांभाळते, एक्समध्ये (ज्यांवरून अंदाज काढतोय त्या कॉलममध्ये) लांब जाऊन बसलेला पॉइंट अख्खी रेषा स्वतःकडे ओढतो आणि त्याचं वेट तरी 1 च्या आसपास दिसतं, म्हणजे सगळं ठीक आहे असंच वाटतं! तशी शंका असेल तर आरएलएममध्येच मेथड एमएम घ्या किंवा सरळ रोबस्टबेस पॅकेजमधलं एलएमरॉब वापरा, मी तरी आता तेच आधी चालवतो.